बोर्ड गंजल्यावर गावात जा

अंबाजोगाई

प्रिय पोरी,

तुझ्या संशोधनाचा चौदा पानांचा आराखडा दोनदा वाचला. एकदा दुपारी, आणि एकदा रात्री जेवणं आटोपल्यावर पेन्सिल हातात घेऊन. कष्ट घेतलेस, ते पानापानावर दिसतं. पण दुसऱ्या वाचनात मी एक गोष्ट मोजली. ‘शाश्वत’ हा शब्द एकेचाळीस वेळा आला आहे आणि एकाही गावाचं नाव एकदाही आलेलं नाही. शीर्षक आहे, ‘मराठवाड्यातील शाश्वत विकासासाठी सामाजिक नवोपक्रमांचा अभ्यास’. म्हणजे आठ जिल्हे, वैजापूरपासून किनवटपर्यंत. किनवटला सागाचं जंगल आहे आणि पाऊस आष्टी-पाटोद्याच्या जवळजवळ दुप्पट. या दोन ठिकाणची माणसं पाण्याबद्दल एकच भाषा बोलत नाहीत. त्यांना एका शीर्षकात कोंबू नकोस.

त्या दिवशी स्टँडवर तू विचारलंस, ‘मॅडम, हे करून पुढं माझं काय?’ तेवढ्यात केजची गाडी लागली आणि उत्तर राहून गेलं. तेच उत्तर आज लिहायला बसले आहे. आधी विषयाचं बोलते, कारण तुझ्या पोटापाण्याचा प्रश्नसुद्धा त्यातूनच सुटणार आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. माय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिच्या मागं. दुपारी सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे. घरात मिलोची भाकरी, लालसर, परदेशातून आलेल्या ज्वारीची. हे सगळं मला आयुष्यभर ‘दुष्काळ’ म्हणून आठवत राहिलं. अभ्यासाला लागल्यावर कळलं की मी त्या खडीच्या ढिगाशेजारी बसून एक फार मोठा सामाजिक नवोपक्रम बघत होते.

तो नवोपक्रम खडी फोडण्यात नव्हता. दुष्काळी कामं इंग्रजांच्या आणि निजामाच्या काळातही निघत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधी लहान प्रमाणावर करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना निराळी होती. काम ही सरकारची मेहरबानी नाही, मागणाऱ्याचा हक्क आहे. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाहीतर भत्ता. आणि पैसा कुठून आणायचा? १९७५ साली पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला तो यासाठी. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या पगारातून महिन्याला थोडे रुपये कापले जाणार आणि ते बीडच्या माळरानावर खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोचणार. कायदा १९७७ साली मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ साली त्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. माणसामाणसांतलं देणंघेणं बदललं, नियम बदलला. मी सामाजिक नवोपक्रम म्हणते ते याला. यंत्र, ॲप, नव्या जातीचं बियाणं ही साधनं. त्यांच्याभोवती कुणाचा हक्क वाढला आणि कुणाचा गेला, हे तू बघायचंस.

याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. चार ओळींचे नियम, पण प्रत्येक ओळीवर गावात किती रात्री वाद झाले असतील, विचार कर. तुझ्या आराखड्यात पाणी पंचायतीवर एक परिच्छेद आहे आणि त्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द तीनदा आला आहे. त्या रात्रीच्या वादांबद्दल एक वाक्य नाही. तुला तिथं जायचं आहे.

आता माझी चूक सांगते. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१९९८ च्या हिवाळ्यात मी बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावात गेले. नाव इथं लिहीत नाही. पाणलोटाचं काम नुकतंच पूर्ण झालं होतं. माथा ते पायथा, अगदी पुस्तकात लिहितात तसं. वर समतल चर, मध्ये दगडी बांध, खाली नालाबांध. गावाच्या तोंडाशी योजनेचा निळा-पांढरा मोठा बोर्ड. मी तीन दिवस राहिले, प्रश्नावली भरून घेतल्या. विहिरींना पाणी होतं. उन्हाळ्यात येणारा टँकर त्या वर्षी आला नव्हता. रब्बीत गहू-हरभरा उभा होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळं खरं होतं. परत येऊन निबंध लिहिला, तो छापून आला, चर्चासत्रांची बोलावणी आली, बढतीच्या वेळी तो उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारी भेटली होती. चार शेरडं, जमीन नाही. ती म्हणाली, ‘पाणी आलं बाई, झ्याक झालं. पर माझ्या शेरडांनी चरावं कुटं? डोंगर बंद केला ना.’ मी विचारलं, चराईबंदीला तुमची संमती नव्हती का? म्हणाली, ‘अंगठा दिला ना. पयला चारा तुमालाच, म्हनले व्हते.’ हे मी वहीच्या समासात लिहून ठेवलं. निबंधात ते आलं नाही. मला तेव्हा वाटलं, ही एका व्यक्तीची तक्रार आहे, निष्कर्ष नाही.

२००४ च्या मे महिन्यात पुन्हा त्या बाजूला जाणं झालं, दुसऱ्याच कामासाठी. वाट वाकडी करून गेले. बोर्ड होता, पण गंजून त्यावरची अक्षरं निघून गेली होती. विहिरी कोरड्या. टँकर उभा. मला वाटलं, बांध फुटले असतील, चर बुजले असतील. वर चढून पाहिलं तर काम जागच्या जागी. एक दगड हललेला नव्हता. मोडला होता तो करार. पाणी वाढलं तसं खालच्या अंगाच्या चार-पाच मोठ्या शेतकऱ्यांनी बोअर घेतले, मग इतरांनी त्याहून खोल. बोअरबंदीचा ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत तसाच होता. डोंगरावरचा चारा आधी शेरडंवाल्यांना, हा शब्द दुसऱ्याच वर्षी सुटला आणि चाऱ्याचा लिलाव व्हायला लागला. म्हातारीनं शेरडं विकली होती. ती मुला-सुनेबरोबर ऊसतोडीला गेली होती, नातवंडं सांभाळायला.

माझ्या निबंधातला एकही आकडा खोटा नव्हता. तो सहा वर्षं आधी लिहिला गेला होता.

मी दुसरा निबंध लिहिला, पहिल्याची दुरुस्ती करणारा. तो छापायला दोन वर्षं लागली. यशाची गोष्ट लोकांना हवी असते, तिच्या पुढच्या भागाला जागा मिळत नाही. आजही कुणाच्या प्रबंधात माझ्या पहिल्या निबंधाचा संदर्भ दिसतो तेव्हा मला ती म्हातारी आठवते. तिनं सगळं सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत. मी ते समासात ठेवलं.

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे आणि बाकी पत्र त्याच्याभोवती फिरणार आहे. तू परत जाणारी अभ्यासक हो. उद्घाटनाला सगळे जातात. अहवालाच्या वर्षी निधी देणारे जातात, पत्रकार जातात, आमच्यासारखे प्राध्यापक गाडी करून जातात. बोर्ड गंजल्यावर कुणी जात नाही. एखादी गोष्ट टिकली की नाही हे कळण्याची वेळ मात्र नेमकी तीच असते, लागोपाठ दोन पावसाळे दगा देऊन गेल्यानंतरची.

परत जायचं तर काय बघायचं, हेही शिकावं लागतं. समाजशास्त्राची पदवी आहे म्हणून पाण्याचं गणित टाळू नकोस. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. सातशे मिलिमीटर पडला तर सत्तर लाख लिटर. त्यातलं काही वाहून जातं, काही उन्हानं उडतं, काही मुरतं. त्याच हेक्टरवर पाटानं पाणी देऊन ऊस घेतलास तर वर्षाला दोन कोटी लिटर किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे ते शेत स्वतःच्या अंगावर पडलेलं सगळं पाणी पिऊन वर आणखी दोन शेतांचं पिणार. त्यात आपल्याखाली काळा कातळ. गंगा-यमुनेच्या खोऱ्यासारखा खोल गाळ नाही. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, तेही थोडं. शेजाऱ्याच्या बोअरचं आणि तुझ्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा एकाच भेगेतून येतं. एवढं समजलं की गावातली निम्मी भांडणं समजतात.

शेततळ्याचंच घे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून खरिपाला एक संरक्षित पाणी द्यायचं, ही मूळ कल्पना उत्तम. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं तळं बोअरच्या पाण्यानं भरून ठेवलं तर जमिनीखालचं, सगळ्यांचं पाणी उचलून एकाच्या आवारात उन्हात वाळत घातल्यासारखं झालं. तळं तेच, अनुदान तेच, फोटोही तसाच दिसतो. फरक कळतो तो मार्चमध्ये उभं राहून ‘हे पाणी कुठून आलं?’ असं विचारल्यावर. आणि दोष एकट्या शेतकऱ्याला देऊ नकोस. द्राक्षाच्या किंवा मोसंबीच्या बागेला एक उन्हाळा पाणी मिळालं नाही तर त्याची दहा वर्षांची कमाई जळते, हेही त्याच पानावर लिही.

आकडे मिळतात, शोधायचे कष्ट हवेत. महसूल मंडळनिहाय पाऊस, भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, तलाठ्याकडची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, आणि पीकपेरा. पैसेवारी पन्नासच्या खाली की वर, यावर कितीतरी घरांचं वर्ष ठरतं. ती कशी लावतात हे एकदा प्रत्यक्ष बघ. एक अख्खं प्रकरण होईल.

किल्लारीबद्दलही लिहायचं आहे, कारण तुझा जन्म नंतरचा आणि तुझ्या आराखड्यात तो भूकंप फक्त एका तारखेपुरता आला आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून लोक झोपले होते त्या पहाटे. जाड दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. त्याखाली हजारो माणसं गेली. मी तेव्हा नवीनच नोकरीला लागले होते. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही औसा-उमरगा भागात महिनाभर होतो. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं तीन मापांची होती, अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. कुणाला कोणतं, हे ठरलं भूकंपाआधी त्याच्याकडे जमीन किती होती त्यावर. हे वाचून थांब जरा. छत सगळ्यांचं सारखंच कोसळलं होतं, पण नवं छत जमिनीच्या मापानं मिळालं. जुन्या गावातला उच्चनीच सिमेंटमध्ये पक्का झाला. बांधकाम मजबूत आहे, अजून उभं आहे. इमारतीच्या अर्थानं ते शाश्वतच आहे. तू मात्र ‘काय टिकलं?’ असं विचारशील तेव्हा ‘कुणासाठी?’ हेही त्याच श्वासात विचार.

त्याच ढिगाऱ्यातून आणखी एक गोष्ट उगवली. पडझड झालेली घरं दुरुस्त करण्याच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं गेलं. सरकारी यंत्रणा आणि घरं यांच्यामधला दुवा. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था या कामातून घडत गेली. त्या बायका पुढं बचतीत आल्या, आरोग्यात आल्या आणि मग शेतीत. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, त्यात सोयाबीन-उसाऐवजी ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाज्या घ्यायच्या, आधी घरात खायचं आणि उरेल ते विकायचं. एक एकराचं मॉडेल म्हणतात ते हे. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. १९९३ ते २०१६, तेवीस वर्षं! तीन वर्षांच्या कुठल्याही प्रबंधात हा धागा सापडला नसता.

तुझ्यासाठी इथं खरा प्रश्न दडला आहे. ती एक एकर जमीन सातबारावर कुणाच्या नावावर आहे? नवऱ्यानं दिली ती शब्दावर. पाण्याची पाळी कुणाची आधी येते, त्याच्या उसाची की तिच्या भाजीची? तो वारला, किंवा सुनेनं वेगळी चूल मांडली, किंवा जमीन रस्त्यात गेली, तर त्या एकराचं काय होतं? कमावलेला पैसा तिच्या हातात किती दिवस राहतो? दहा बायका घे, पंचवीस नकोत. एका गावातल्या घे. आणि चार वर्षं त्यांच्याकडे जात राहा. याच्यावर उभा केलेला प्रबंध मला वाचायचा आहे.

बायकांशी बोलायचं म्हणजे वेळ सांभाळायची. दुपारी बारा वाजता प्रश्नावली घेऊन गेलीस तर घरी पुरुष भेटेल, बाई खुरपायला गेलेली असेल. संध्याकाळी भाकरी थापताना तिच्याशेजारी बस. वही बाहेर काढू नकोस. परातीतल्या पिठावरून सगळं कळतं, ज्वारी आहे की गहू, घरचं आहे की रेशनचं.

तुझ्या केज-धारूरकडे तर आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर अर्धी वस्ती कारखान्याच्या पट्ट्यात निघून जाते. जानेवारीत सर्वेक्षण केलंस तर म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरं मोजशील आणि त्यालाच गाव म्हणशील. मुकादमाच्या वहीत माणूस हा एकक नाहीच, ‘कोयता’ हा एकक आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर, पैसा एकाच्या हातात. तू प्रश्नावलीत ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असा रकाना ठेवला आहेस ना? त्या एका रकान्यानं तू मुकादमाचीच वही पुन्हा लिहिणार आहेस. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. एक दिवस खाडा झाला की दंड, पाळी आली तरी मोळी उचलायची, फडात ना पाणी ना आडोसा. ऊस, पाणी, कर्ज आणि बाईचं शरीर एकाच दोरीनं बांधलेलं आहे. शाश्वततेची व्याख्या लिहिशील तेव्हा ही दोरी तिच्यात येते का बघ. येत नसेल तर व्याख्या बदल.

गावात गेल्यावर पहिला चहा कुणाकडे घेतेस, हे सगळे बघतात. सरपंचाच्या ओट्यावर बसलीस तर गावकुसाबाहेरच्या वस्तीत तुझ्याशी सरळ कुणी बोलणार नाही. आपल्याकडे गायरानाचा प्रश्न जिवंत आहे. भूमिहीनांनी, बहुतेक दलित कुटुंबांनी, वर्षानुवर्षं कसलेली गायरानं. एकनाथ आवाड यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. आज त्याच गायरानावर कुठं वृक्षलागवड येते, कुठं सौर पॅनेल. दोन्ही ‘हरित’. कागदावर ती पडीक जमीन असते, पण तिथं कुणाची तरी ज्वारी उभी असते. तुझं काम तिथं ठामपणे लिहिण्याचं आहे, आणि ते कुणालाच आवडणार नाही.

आता नोकरीचं. तू प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालीस, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली, म्हणून खचू नकोस. पुन्हा बस. २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये झाली आहे, त्यात गावात राहून संशोधन होऊ शकतं. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांवर नजर ठेव. उशिरा मिळतात, म्हणून हाताशी सहा महिन्यांची सोय असू दे. तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी सुरुवातीला दोन-तीन वर्षं ठीक, त्याहून जास्त नको. माझे किती हुशार विद्यार्थी त्या आशेवर चाळिशीत पोचले, मोजवत नाही. मन तुटतं.

पुण्याच्या त्या सल्लागार संस्थेची नोकरी घेते म्हणशील तर घे. दीड वर्ष. कंपन्यांचा पैसा गावात कसा येतो, अहवाल कसे तयार होतात, ‘लाभार्थी संख्या’ कुठल्या टेबलावर ठरते, हे आतून बघितलेलं पुढं फार कामाला येतं. पण पहिल्याच दिवशी स्वतःशी ठरव, की तिथं लिहिलेल्या एका तरी गावात स्वतःच्या पैशानं, अहवाल गेल्यावर वर्षानं, तू परत जाशील. आणि तुझ्या आईला हे सगळं नीट समजावून सांग. ती मला भेटली तेव्हा ‘मॅडम, पोरीला पगार लागंल ना?’ एवढंच विचारत होती. तिचा प्रश्न बरोबर आहे. लागेल. विद्यापीठांत, तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी, पाणी आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्थांमध्ये, शासनाच्या प्रकल्पांमध्ये अशा माणसांची गरज आहे, ज्यांना गावही वाचता येतं आणि आकडेही. फार थोडी आहेत. नोकरी बदलत राहील, ती बदलू दे. गाव बदलू नकोस. घरापासून एसटीनं तासाभराच्या आतलं एक गाव निवड आणि चाळिशीपर्यंत सोडू नकोस.

मार्गदर्शक निवडताना त्यांची यादी बघू नकोस, त्यांचे आधीचे चार विद्यार्थी गाठ. प्रबंध परत यायला किती महिने लागतात, गावात कधी बरोबर आले का, स्वतःची कामं सांगतात का, हे तेच सांगतील. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या भागावरचे प्रबंध वाच. चांगले आहेतच, पण एकाच प्रकरणाच्या पाच प्रती पाच नावांनी दिसतील, तेही बघ. पैसे भरून आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस. २०२२ च्या नव्या नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती युजीसीनं ठेवलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढा विचारून घे. घाई करणारे पुष्कळ भेटतील.

आणि मराठीत लिही. इंग्रजीत लिहायलाच हवं, त्याशिवाय बाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यांना वाचता येईल असं एक तरी प्रकरण आधी मराठीत लिही आणि त्यांच्यासमोर वाच. मी तो दुसरा निबंध त्या गावच्या पारावर वाचून दाखवला होता. छापून यायच्या आधी. तासभर भांडण झालं. एकानं उठून सांगितलं की बोअर आधी मी नाही, त्यानं घेतला. दुसऱ्यानं लिलावाची तारीख दुरुस्त केली. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, ‘ह्ये आमी तवाच म्हनत व्हतो.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कडक परीक्षण ते. ‘रेझिलियन्स’ला मी मराठी शब्द शोधत होते, तोही तिथंच मिळाला. ज्या वर्षी विहिरी आटूनही तूर हाती लागली त्याबद्दल बोलताना ती बाई म्हणाली, ‘तुरीनं तग धरला.’ तग. इतके दिवस शब्दकोश चाळत होते मी.

त्या गावात मी २०१६ च्या उन्हाळ्यातही गेले होते. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सगळ्यांचे कॅमेरे रेल्वे स्टेशनवर होते. त्या गावात त्या वर्षी दोन वाड्यांनी मिळून एका विहिरीचं पाणी घागरी मोजून वाटलं. ठराव नाही, बोर्ड नाही, संस्था नाही. कुणी सुरू केलं विचारलं तर एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. पुढं चांगला पाऊस झाला आणि ती पद्धत थांबली, असं मला फोनवर कळलं. थांबली की गरज पडेल तेव्हा पुन्हा सुरू होते? याचं उत्तर माझ्याकडे नाही. गुडघ्यांमुळं आता डोंगर चढवत नाही आणि पुढच्या फेऱ्या माझ्याच्यानं झाल्या नाहीत.

म्हणून म्हणते, पुढच्या आठवड्यात ये. आराखडा राहू दे घरी. आपण दोघी त्या गावी जाऊ. तुला आवडलं तर ते गाव तुझं, नाही आवडलं तर दुसरं शोधू. १९९८ ची वही मी कपाटातून काढून ठेवली आहे. दोन पानांवरची शाई पसरली आहे, पण समासातलं अजून वाचता येतं. त्या म्हातारीची सून आता परत गावात राहते, शेरडं पाळते, असं ऐकलं. चराईबंदीचं पुढं काय झालं ते तिलाच विचारू.

गाडी सकाळी सातची आहे. भाकरी आणि ठेचा मी बांधून आणते, तू पाणी घे, दोघींना पुरेल एवढं.

तुझी
मॅडम